मास्तरला आवाज पाहिजे

अवसरी बुद्रुक
सोमवार, ११ ऑगस्ट २०२५

नवनाथ,

स्पीकर दुरुस्तीला नेलेस त्याला आता वरीस व्हत आलं. डावीकडच्यातनं खरखर येती म्हणालास, आतली वायर सुटलीय, रविवारी आणून देतो म्हणालास. असले किती रविवार गेले? खरखर तर खरखर, आवाज तरी येत व्हता. तू दोन्ही उचलून पिशवीत घातलेस आणि त्याच आठवड्यात आपलं फोनवर वाजलं. तवापासनं तू न्हाईस आणि स्पीकर बी न्हाईत. भांडण माझ्याशी झालं ना? मग पोरीची वस्तू कशाला अडकवून ठेवलीस?

फोन तू उचलत न्हाईस. घरी केला तर तुझी अमृता म्हणती, "ते दुकानात हायेत." दुकानात केला तर तिथला माणूस म्हणतो, "घरी गेलेत." मधल्या रस्त्यावरच राहतोस का काय तू? म्हणून हे पत्र लिहितेय. चौथी शिकलेली बाई हाय मी, चुका काढत बसू नको. पोस्टमन बी हसला. "मावशी, आता कोण लिहितं पत्र?" म्हटलं, जिचा भाऊ जुन्नरात राहून अमेरिकेत गेल्यासारखा वागतो ती लिहिती.

राखी पाठवली व्हती. पोचली असंल. बांधलीस का न्हाई ते मी विचारत न्हाई.

तू विसरल्यासारखा वागतोस म्हणून सगळं पहिल्यापासनं लिहिते. बारावीच्या वर्षी माझ्या हर्षालीला ताप आला आणि तापाबरोबर डोळे गेले. दोन महिने पोरगी भिंतीकडं तोंड करून झोपली. तवा तूच दुकानातला जुना कॉम्प्युटर टेम्पोत घालून आणलास. त्यात ते बोलणारं घातलंस, बटण दाबलं की अक्षर बोलतं, ओळ झाली की ओळ वाचतं. बाईचा आवाज का बाप्याचा, मला आजून कळलेलं न्हाई. हर्षाली त्याला मास्तर म्हणती. कीबोर्डवरचे बोटं ठेवायचे उंचवटे झिजले व्हते, तर तू माझ्या कपाळावरची टिकली काढलीस, दुसरी डबीतली घेतलीस आणि दोन बटणांवर चिकटवल्यास. दर रविवारी येऊन बसायचास. त्या मास्तरच्या जिवावर पोरगी घरात बसून बीए झाली. आता बँकेची परीक्षा हाय दिवाळीनंतर.

कान तिचा लहानपणापासनं फुटतो हे तुला ठाऊक हाय. डॉक्टरनं कानात इअरफोनची बोंडं घालायची न्हाईत म्हणून सांगितलंय. म्हणून बाहेरचे स्पीकर लागतात, शौक म्हणून न्हाई. मोबाईल बी बोलतो तिचा, पण परीक्षा कीबोर्डवर द्यायची, बोटांना तीच सवय पाहिजे. आणि त्या कॉम्प्युटरच्या डब्याला सोताचा आवाज न्हाई. स्पीकर न्हाईत म्हंजे मास्तर मुका, आणि मास्तर मुका म्हंजे पोरगी पुन्हा भिंतीसमोर.

आता भांडणाचं. आपले आण्णा गेले आणि वर्षश्राद्ध उरकल्यावर तू हक्कसोडचा कागद काढलास. "आक्का, इथं सही कर, सगळ्या बहिणी भावाला सोडून देतात." मी केली न्हाई. आजून करणार न्हाई. मला हौस न्हाई जमिनीची, तुझ्या भाऊजींची हाय तेवढी पुरती. पण हर्षालीला डोळे न्हाईत. मी मेल्यावर तिचं म्हणून कायतरी पाहिजे. त्यावर तू फोनवर जे बोललास ते मी इथं लिहीत न्हाई.

स्पीकर देणार असशील तर जीपवाल्याकडं दे, मी मंचरच्या स्टँडवर उतरवून घेते. न्हाई तर माझी मी घेते. नारायणगावला दुकानं काय कमी न्हाईत.

आक्का


अवसरी बुद्रुक
सोमवार, २५ ऑगस्ट

नवनाथ,

तुझी वाट बघितली न्हाई. नारायणगावला जाऊन स्पीकर आणले.

दुकानात ही गर्दी. परवा गणपती बसणार, तर सगळ्या मंडळांची पोरं तिथंच. मला हर्षालीनं घरनं पढवून पाठवलं व्हतं, हिरव्या भोकात बसणारी पिन पाहिजे, आवाज कमीजास्त करायचा कान पुढच्या बाजूला पाहिजे, मागं हात घालायला लावणारा नको. मी तसंच सांगितलं.

दुकानदार म्हणतो, "काकू, टू पॉइंट झीरो का टू पॉइंट वन?"

म्हटलं, "मला दोन पाहिजेत. एक डावा, एक उजवा. पॉइंट तुझ्याकडंच ठेव."

"म्हंजे वूफर नको?"

"वूफर काय असतं?"

"ढोल हो काकू. छातीत वाजला पाहिजे. दोन बारके आणि खाली एक मोठा डबा. आणि हे बघा, लाईट. गाण्याबरोबर नाचती."

लाल, निळी, हिरवी, लुकलुक सुरू झाली. मी म्हटलं, "जिच्यासाठी घ्यायचेत तिला दिसत न्हाई."

लाईट बंद केली त्यानं. मग म्हणाला, "मग बोलणं ऐकून घ्या, गाणं नको. बातम्या लावतो." लावल्या की. पण पाठीमागं मंडळाची पोरं दुसरा डबा वाजवून बघत व्हती, आमच्या बातमीवाल्या बाईचं नुसतं तोंड हलत व्हतं. मी म्हटलं, मोठा कर. त्यानं मोठा केला, तरी ऐकू येईना. मग त्यानं वूफरवालं लावलं. काउंटरवरचे चहाचे ग्लास थरथरायला लागले. मंडळातलं एक पोरगं मान हलवून म्हणालं, "मावशी, घ्या डोळे झाकून, मांडवात फाटणार न्हाई आवाज." मला वाटलं, जे मांडवात फाटत न्हाई ते घरात काय फाटतंय. घेतलं.

घरी आणलं, पिन बसवली, हर्षालीनं बटण दाबलं. मास्तर बोलला. ती ऐकत राहिली थोडा वेळ, मग म्हणाली, "आई, मास्तर विहिरीत पडलाय."

खरंच तसाच आवाज. आतनं कुठनं तरी घुमून यायचा, "क" का "ग" का "घ" काय कळंना. पण ती हसली नवनाथ. लई दिवसांनी दात दिसले तिचे, म्हणून मी रागावले न्हाई.

बारीक केला तर सगळं पुटपुटल्यासारखं, शब्द सुटा व्हत न्हाई. मोठा केला तर कळतं, पण मग आख्ख्या आळीला कळतं. सकाळी ती गणिताचं वाचायला बसती, व्याजदर, चक्रवाढ, शेकडा, सगळं गल्लीतनं ऐकू जातं. तुझे भाऊजी दारात दाढी करत म्हणाले, "आता आपली आळी सगळीच बँकेत लागती बघ." शेजारची सरूबाई भाकरी थापता थापता उत्तर सांगती, तेबी चुकीचं.

परत घ्यायला गेले न्हाई मी. उघडलेला माल परत न्हाई, असं पाटीवर लिहिलेलं मला वाचता येतं. हर्षाली म्हणती, "चालंल आई." ती चालंल म्हणती तवा चालत नसतं, एवढं मला कळतं. मग तिनंच सांगितलं, बोलणं ऐकायला ढोल नको असतो, बारके दोन डबे बरे, जवळ ठेवायचे, कानाच्या पातळीला, अंगठ्याएवढा आवाज करायचा, म्हंजे आपलं आपल्यालाच ऐकू येतं. मामानं तसेच आणले व्हते आणि खाली दोन विटा लावून उंच केले व्हते म्हणाली. मी म्हटलं, मामाचं नाव काढू नको. तरी काढलंच तिनं.

तुझे बरे व्हते असं मी म्हणत न्हाई. ती म्हणती.

आक्का


अवसरी बुद्रुक
मंगळवार, १६ सप्टेंबर

नवनाथ,

आण्णांची तिथ झाली म्हणं परवा. आपल्या गोळेगावचं गिऱ्हाईक आलं व्हतं आमच्याकडं कांद्याचं रोप बघायला, त्यानं सांगितलं. पंगत मोठी व्हती, खीर चांगली व्हती. बरं झालं. मला बोलावलं न्हाईस. पितराला जेवायला सगळं गाव चालतं, त्याची लेक चालत न्हाई.

लेकीनं पितर घालायचं नसतं म्हणतात. मी घातलं बी न्हाई. नुसतं एक पान वाढून पत्र्यावर ठेवलं. आळूची भाजी आणि वडे, त्यांना आवडायचे म्हणून. कावळा आला का न्हाई ते तुला सांगणार न्हाई.

गेल्या आठवड्यात मी जुन्नरला आले व्हते. तुझ्यासाठी न्हाई. सरूबाईला लेण्याद्रीला जायचं व्हतं, पायऱ्या चढायला सोबत पाहिजे म्हणाली. येताना तुझ्या दुकानावरनं रस्ता व्हता. रसवंतीत बसलो, समोरच व्हतं तुझं दुकान. तू प्रिंटर उघडून बसला व्हतास, चष्मा कपाळावर. केस पांढरे झालेत तुझे कानापाशी. आण्णांसारखेच तिथनंच सुरू झाले. सरूबाई म्हणाली, "जा की गं, भाऊ हाय तुझा." म्हटलं, रस गरम व्हतोय, पी. तू एकदा मान वर केलीस, पण रस्त्याकडं बघितलं न्हाईस. वीज गेली व्हती, तू वरच्या पंख्याकडं बघत व्हतास. आमची जीप सुटली.

तर ते राहू दे. लिहायचं कारण येगळं हाय.

माझे थोरले दीर, भिमाजी भाऊजी, त्यांनी हर्षालीला स्थळ आणलंय. शिरूरकडचा बिजवर हाय. पहिली बायको वारली, दोन लेकरं हायेत, सोता चाळिशी ओलांडलेला. भाऊजी म्हणतात, "आंधळ्या पोरीला याच्याहून काय राजा मिळणार हाय का?" मी म्हटलं, तिला बँकेची परीक्षा द्यायचीय. म्हणतात, "ती मास्तरची बडबड आख्खी आळी ऐकती. त्यानं नोकरी लागती का?"

मी इचार केला, चाळिशीचा माणूस, दोन लेकरं, घरात बायको न्हाई, त्याला काम करणारी पाहिजे. मग न दिसणारी का शोधतोय? मी सरळ भाऊजींनाच विचारलं. मग म्हणाले, "त्यांना तुझ्या माहेरच्या जमिनीचं कळलंय. तू सही केलेली न्हाई, हिस्सा येणार, एकुलती एक पोरगी. लेण्याद्रीच्या रस्त्याला हाय ना ती जमीन?"

आता तू फोनवर काय म्हणालास ते लिहिते, कारण मला ते रोज ऐकू येतं. "आक्का, पोरीच्या डोळ्यांवर जमीन मागतीस." असं म्हणालास तू. आता बघ, दुसरं कोणतरी जमिनीवर पोरगी मागतंय. म्हंजे माझी पोरगी मधल्या मधे. तुझ्या लेखी ती निमित्त, त्यांच्या लेखी सातबारा.

पितृपक्ष हाय म्हणून थांबलेत. नवरात्रातल्या रविवारी, अठ्ठावीस तारखेला बघायला येणार. तुझे भाऊजी तुला ठाऊक हायेत, मोठ्या भावापुढं मान वर करत न्हाईत. बैठकीला मुलीचा मामा असतो, सगळीकडं असतो. तू येऊन नुसता बस. बोलू बी नको माझ्याशी. सतरंजीवर बस, पाणी पी, त्यांना दिसू दे की पोरीला मामा हाय.

आक्का


अवसरी बुद्रुक
सोमवार, २९ सप्टेंबर

आला न्हाईस. सतरंजीवरची तुझी जागा मी पावणे बसेपर्यंत मोकळी ठेवली व्हती. शेवटी भिमाजी भाऊजींनी तिथं पानाचा डबा ठेवला.

काय झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडनं कळायच्या आधी मीच लिहिते. कळलं बी असंल. आळीनं ऐकलंय.

पाच जण आले. तो सोता, त्याचा चुलता, आणि बाकी गाडी भरायला. चहा झाला. भाऊजी म्हणाले, "पोरगी लाजाळू हाय, तोंड वर करून बोलायची न्हाई." खरं तर त्यांनीच तिला सकाळी दम भरला व्हता, तोंड उघडायचं न्हाई म्हणून. तो चुलता म्हणतो, "कॉम्प्युटर चालवती म्हणं? न बघता? बघू तरी." जत्रेत काय दाखवतात तसं.

हर्षाली आतल्या खोलीत टेबलापाशीच बसलेली. दार उघडं. वूफरचा डबा टेबलाखाली. ती माझी मोरपंखी साडी नेसली व्हती, पदर सारखा सावरत व्हती.

चुलता म्हणाला, "लिही बाळ, नाव लिही."

तिनं टकटक केलं. मास्तर घुमला, "माझं नाव हर्षाली भगवंत पूर्णविराम."

सगळे हसले. "वा वा! पूर्णविराम बी बोलतं!" तो बिजवर सुद्धा गालात हसला. चुलता खुशीत आला, भाऊजींकडं वळला. पोरीला विसरलाच. म्हणतो, "मग आईकडनं किती येणार? कागद झालेत का नुसतं तोंडी?"

भाऊजी म्हणाले, "व्हतंय, व्हतंय. मामा जरा आडमुठा हाय, पण कायदा आपल्या बाजूनं हाय."

आत मास्तरचा आवाज बारीक झाला आणि टकटक सुरू झाली. मला वाटलं, हात चाळवतेय घाबरून. मग थांबली. मी बघितलं, तिनं खाली हात घालून त्या डब्याचा कान फिरवला. पार शेवटपर्यंत.

मास्तर बोलला. पत्रा हलला नवनाथ. "जमीन आईची आहे पूर्णविराम. आई जिवंत आहे पूर्णविराम. मला हे लग्न करायचं नाही पूर्णविराम. मला परीक्षा द्यायची आहे पूर्णविराम. चहा गार होतोय स्वल्पविराम घ्या आणि जा पूर्णविराम."

ना राग, ना रड. मास्तरच तो, त्याला काय. "जा" म्हणाला तेबी पाढा म्हटल्यासारखं.

बाहेर सरूबाईच्या हातनं तांब्या पडला.

चुलता म्हणाला, "हे मशीन बोललं का पोरगी बोलली?" मी म्हटलं, "पोरगी बोलली. मशीननं जोरात सांगितलं."

भिमाजी भाऊजी उठले. आत गेले, वायर ओढली. तेवढ्यावर भागलं न्हाई, डब्याला लाथ घातली. डबा भिंतीवर गेला, पुढचं कापड फाटलं, आतलं भांडं वाकलं, त्याच्यावर चालणारे दोन बारके बी मुके झाले. हर्षाली कानावर हात धरून बसलेली, तिला कळंना लाथ कुठं पडतीय, पुढची कुठं पडंल. मी मधे गेले. आणि तुझे भाऊजी, ज्यांनी जन्मात मोठ्या भावापुढं तोंड उघडलं न्हाई, ते दारात येऊन म्हणाले, "दादा, बास." एवढंच.

पावणे निघाले. तो बिजवर चप्पल घालता घालता माझ्यापाशी थांबला. हळू म्हणाला, "वैनी, पोरीला सांगा, मला बी आणलेलंच हाय." चांगला माणूस असावा. पण काय करू त्या चांगुलपणाचं?

सगळे गेल्यावर हर्षालीनं खाली बसून तो डबा चाचपला. फाटलेल्या कापडात बोट घातलं. विचारलं, "आई, मास्तर मेला का?"

म्हटलं, "न्हाई गं. त्याचं तोंड फुटलंय. आतनं बोलतच असंल."

मामा बसलेला असता तर भाऊजींचा पाय उचलला नसता. हे मी तुला लागावं म्हणूनच लिहितेय.

आक्का


अवसरी बुद्रुक
गुरुवार, ९ ऑक्टोबर

नवनाथ,

चार पत्रं लिहिली. चारी पोचली, पोस्टमनला विचारलंय मी. तुझं एक आलं न्हाई.

आमच्याकडं काय चाललंय ते ऐक.

भिमाजी भाऊजींनी बोलणं टाकलं. पाण्याच्या मोटरची किल्ली पण त्यांच्याकडंच राहिली, तर तुझे भाऊजी रोज वाट बघत बसतात. आळीतल्या बाया हर्षालीला बघून तोंडाला पदर लावतात. काही हसत्यात, काही शाबास म्हणत्यात, पण हळूच, आपल्या घरात ऐकू जाणार न्हाई असं.

हर्षालीनं नवीन स्पीकर नको म्हणून सांगितलं. पण सकाळी उठून, आंघोळ करून, ती कॉम्प्युटर चालू करून बसती. मुका कॉम्प्युटर. आणि टाईप करती. पहिले दोन दिवस मला वाटलं, बोटं मोकळी करतेय. तिसऱ्या दिवशी मी पाठीमागं जाऊन उभी राहिले. पडद्यावर अक्षरं उठत व्हती. काय उमटतंय ते तिचं तिला कळत नव्हतं, बरोबर का चूक तेबी न्हाई. मी चष्मा लावला आणि वाचलं, मोठ्यानं, अडखळत.

ती दचकली. मग म्हणाली, "आई, वाच. पुढं वाच."

तवापासनं धार काढून झाली की मी तिच्याशेजारी बसते. पडद्यावर जे येतं ते वाचते. मास्तर आता मीच. जोडाक्षरापाशी अडते, मग तीच सांगती हे असं असंल. एकदा म्हणाली, "मास्तर तुझ्यापेक्षा चौपट वेगानं वाचायचा. पण तो मधे मधे थोरल्या काकांना शिव्या घालत नव्हता."

मराठीचं भागतं. पण परीक्षेचं निम्म्याहून जास्त इंग्रजीत हाय, आणि ते मोबाईलात न्हाई, कॉम्प्युटरातच हाय. मला एबीसीडी येत न्हाई, सांगायला लाज कसली. मग आमी असं केलं. मी पडद्यावरचं अक्षर बघायचं, ते कसं दिसतं तसं तिच्या तळहातावर बोटानं काढायचं. ती सांगती, हे आर, हे टी. डोळे व्हते तवाचं तिला सगळं आठवतं. मला नाव ठाऊक न्हाई, तिला आकार दिसत न्हाई. अशी आमी दोघी मिळून एक ओळ वाचतो. एक पान व्हायला आख्खी सकाळ जाती. तळहात लाल व्हतो तिचा, माझ्या नखानं.

काल तिनं मूठ मिटली.

मी तिच्या हातावर अक्षर काढत व्हते, अर्धंच झालं व्हतं. तिनं माझं बोट मुठीत धरलं आणि म्हणाली, "बास आई. राहू दे परीक्षा. थोरल्या काकांना सांग, त्या पावण्यांना परत बोलवा."

मी म्हटलं, "वेडी का काय?"

म्हणाली, "तो माणूस वाईट नव्हता. त्याच्या आवाजावरनं कळलं. तू आणि बाबा माझ्यापायी सगळ्यांशी तोडून बसलात. मामाशी तोडलंस, काकांशी तोडलंस. आणि बोट मोडून घेशील माझ्या हातावर."

रडली न्हाई. मास्तरसारखंच बोलली, सपाट. त्याचीच मला भीती वाटली. बारावीनंतर भिंतीकडं तोंड करून झोपायची तवा असंच बोलायची, आई जेवण ठेव, आई दिवा घालव.

आज सकाळी तिनं कॉम्प्युटर लावला न्हाई. त्यावर माझी जुनी साडी पांघरून ठेवलीय.

आता सरळ सांगते. स्पीकरसाठी हे पत्र न्हाई. स्पीकर मी उद्या जाऊन आणीन. या वेळी गर्दी नसताना जाईन, दोन बारके घेईन, ढोल घेणार न्हाई, दुकानदाराला सांगीन गाणं नको, मला नुसतं एक माणूस बोलताना ऐकव, आणि बारीक आवाजात ऐकव. तेवढं मला आता कळतं. स्पीकर मिळतील. पण तिला "ऊठ, बस, पुढचं पान घे" म्हणणारं माणूस नारायणगावच्या दुकानात मिळत न्हाई. माझं ती ऐकत न्हाई. मी आई, मी रडते, मग ती मला समजावती आणि परीक्षा तिथंच राहती. भिंतीकडनं तिचं तोंड पहिल्यांदा फिरवलं ते तू. मला जमलं नव्हतं, तिच्या बापाला जमलं नव्हतं. मला ते आवडत न्हाई, पण खरं हाय.

सही मी करणार न्हाई. आशेला लागू नको. हक्कसोडचा कागद घेऊन येणार असशील तर येऊच नको. मला जमीन बी पाहिजे आणि भाऊ बी पाहिजे. दोन्ही आण्णांनीच दिलंय, त्यातलं एकच निवड म्हणून तू कोण सांगणार? तुझा राग तुझ्यापाशी ठेव. माझ्या दारात येऊन माझ्याशी अबोला धर, चहा मी सरूबाईच्या हातनं पाठवीन. पण आतल्या खोलीत पोरीजवळ जाऊन बस. परीक्षेपर्यंत. परीक्षा झाली की जा आपल्या जुन्नरला, मी अडवणार न्हाई.

एक गोष्ट तुला ठाऊक न्हाई. मामा का येत न्हाई असं ती मला विचारती. वरीसभर विचारतेय. जमिनीवरनं वाजलं एवढं तिला ठाऊक हाय, पण तिच्या डोळ्यांवरनं तू जे बोललास ते मी तिला सांगितलेलं न्हाई. मी म्हणते, दुकानात काम लई हाय. म्हणते, मामाची पाठ धरलीय. म्हणते, अमृताला बरं न्हाई. ती म्हणती, "बरं." आणि ती बरं म्हणती तवा तिला सगळं कळलेलं असतं, तरी मी खोटं सांगत राहते, कारण तिच्या मनात तू आजून टिकल्या चिकटवणाराच हायेस.

वसुबारस पुढच्या शुक्रवारी हाय, सतरा तारखेला. तोपर्यंत मी तिला अजून एक खोटं सांगू शकते, त्याच्यापुढं न्हाई. त्या दिवशी दिवेलागणीच्या आत मला कळव, येणार का न्हाई. फोन करायला जड जात असंल तर मंचरच्या जीपवाल्याकडं निरोप दे. हो असंल तर हो म्हण. न्हाई असंल तर न्हाई म्हण, म्हंजे त्याच संध्याकाळी मी तिच्याजवळ बसून जे झालं ते सगळं सांगून टाकीन. पण गप राहू नको. शुक्रवारी दिवेलागणीपर्यंत मला उत्तर पाहिजे.

तुझी आक्का,
साळू